उणे अर्धा घात आला कुठून?

मी सैन्यातला माणूस, गणिताचा प्राध्यापक नव्हे. पण नोकरीत असताना परीक्षेला बसणाऱ्या जवानांना मी गणित शिकवत असे. ‘क्ष चा उणे अर्धा घात’ म्हटले की हुशार पोरेही थबकत. एखादी संख्या स्वतःशी उणे अर्धा वेळा गुणायची कशी? प्रश्न रास्त होता. उत्तर इतिहासात आहे.

फ्रान्समधील लिआँ शहरात निकोला शुके याने १४८४ मध्ये बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात शून्य आणि ऋण घातांकही होते. ७२ क्ष ला ८ क्षघनाने भागले की ९ येतात आणि घात उणे २ होतो, हे त्याने मांडले होते. पण तो ग्रंथ छापून आला १८८० मध्ये!

दरम्यान १६३७ मध्ये देकार्तने आजच्यासारखे घातांक रूढ केले, पण फक्त धन पूर्णांकांचे. पुढचे पाऊल जॉन वॉलिसचे. इंग्लंडच्या यादवी युद्धात पार्लमेंटसाठी शत्रूची सांकेतिक पत्रे उलगडणारा हा माणूस. वर्गमूळाचा घातांक १/२ आणि व्यस्ताचा −१, असे त्याने १६५६ मध्ये दाखवले. गुणाकारात घातांकांची बेरीज होते, हा नियम सर्वत्र टिकावा हे त्यामागचे कारण. अर्धा घात अर्ध्या घाताने गुणला की एक घात मिळतो, म्हणून तो वर्गमूळ.

वॉलिस वाचूनच तरुण न्यूटनला द्विपद सिद्धांत सुचला. १६७६ मध्ये लायब्निझसाठी पाठवलेल्या पत्रात त्याने अपूर्णांकी आणि ऋण घातांक सरळ लिहून वापरले. ‘ग वर्ग अधिक क्ष वर्ग’ याचे वर्गमूळ काढताना त्याच्या सूत्रात ‘ग वर्ग’ आधी बाहेर निघतो आणि मग उरलेल्याचा विस्तार होतो. म्हणजे सामाईक अवयवच!

आपणही तेच करतो. ‘क्ष चा ३/२ घात अधिक क्ष चा −१/२ घात’ ही राशी घ्या. लहान घातांक −१/२, तो बाहेर काढा. प्रत्येक घातांकातून तो वजा करा: ३/२ मधून −१/२ गेले की २, आणि −१/२ मधून तेच गेले की ०. कंसात उरले ‘क्ष वर्ग अधिक १’. बाहेरचा उणे अर्धा घात म्हणजे वर्गमूळाने भागणे. क्ष = ४ घालून पडताळा: ८ अधिक अर्धा म्हणजे साडेआठ; १७ भागिले २ म्हणजेही साडेआठ.

सैन्यात नकाशावरची चिन्हे सर्व पलटणींना एकच असतात, नाहीतर हुकूम पोचतो पण अर्थ पोचत नाही. घातांकांचेही तसेच. मूळ, भागाकार आणि गुणाकार यांचे तीन वेगळे कायदे होते, ते एका शिस्तीत आले. शुकेला हे बरेचसे दिसले होते, पण त्याची वही बंद राहिली. म्हणून घरातल्या मुलांकडून नियम पाठ करून घेण्याआधी त्यामागचे कारण सांगा. कारण कळले की उणे चिन्हाची भीती उरत नाही.

जय हिंद.