महाळुंग्याची वळकटी आणि मुंबईची खोली

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे गाव महाराष्ट्रास परिचित आहे ते हुतात्मा बाबू गेनू यांच्या नावामुळे. १९०८ साली ह्या गावी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुढे ते मुंबईस गिरणीत कामास लागले, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाची लॉरी अडविताना तिच्या चाकाखाली त्यांनी प्राण दिला. त्या रस्त्यास त्यांचे नाव आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयासही त्यांचेच नाव देण्यात आले. परंतु ज्या वाटेने हा मुलगा मुंबईस गेला, ती वाट त्याच्या एकट्याची नव्हती. जुन्नर, आंबेगाव, खेड ह्या तालुक्यांतील हजारो तरुण खांद्यावर वळकटी टाकून त्याच वाटेने त्याच्या आधी गेले व नंतरही जात राहिले. त्यांच्यापैकी प्रत्येकाला शहरात पाऊल टाकल्याबरोबर एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागे. रात्री पाठ टेकावी कोठे, आणि त्या जागेस द्यावे काय?

वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक वाटतो. लढाया, तह आणि राज्यारोहणे यांच्या मानाने खोलीचे भाडे ही काय गोष्ट! पण ज्याच्या मिळकतीत चार आण्यांचीही उसंत नसते, त्याच्या आयुष्यात खोलीची निवड ही राज्यकारभाराइतकीच गुंतागुंतीची असते. ती तो किती शहाणपणाने करीत असे, आणि त्याचे शहाणपण ओळखण्यास सरकारला किती वर्षे लागली, हे पाहण्याजोगे आहे.

सह्याद्रीच्या कड्याखालच्या पट्ट्यात पाऊस भरपूर, म्हणून तेथे भाताची खाचरे. पूर्वेकडे उतरत जावे तसा पाऊस तुटत जातो आणि बाजरीचा मुलूख लागतो. भावाभावांत वाटून तुकडे झालेली जमीन, सावकाराचे देणे आणि १८९६-९७ व १८९९-१९०० चे पाठोपाठचे दुष्काळ, यांनी घरटी एक तरी माणूस बाहेर काढला. तिकडे मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची उभारणी आरंभिली होती. एकोणिसावे शतक सरेपर्यंत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा ह्या भागांत धुराड्यांचे एक वेगळेच गाव उभे राहिले. लोकांनी त्याचे नावच गिरणगाव ठेवले.

ह्या गिरणगावात नवा आलेला माणूस खोली शोधीत हिंडत नसे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. तो माणूस शोधीत असे. गावच्या कोणाचे बिऱ्हाड कोणत्या चाळीत आहे एवढा पत्ता त्याच्याजवळ असे, आणि तो पुरेसा होई. अनेक गावांनी मिळून घेतलेल्या सामाईक खोल्या होत्या. तेथे दहा-पंधरा, कधी त्याहूनही अधिक पुरुष एका छपराखाली नांदत. प्रत्येकाची एक ट्रंक किंवा गाठोडे, एक पथारी आणि खुंटीवर एक सदरा. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रात्रपाळीचा आडवा होई. जेवण बहुधा खानावळीत, आणि खानावळ चालविणारी बाईही पुष्कळदा आपल्याच मुलखातली. भाडे डोईवारी वाटले जाई, म्हणून खोलीचे भाडे सात रुपये असले तरी एकाच्या वाट्यास आठ-बारा आणेच येत.

येथे मजुरीच्या पद्धतीचा विचार आवश्यक आहे. मुंबईच्या गिरण्या पगार महिन्याचा देत, आणि तोही महिना संपताच नव्हे, तर पुढच्या महिन्याचे काही दिवस उलटल्यावर. म्हणजे नव्या माणसाला पहिला पैसा हाती पडण्यापूर्वी सुमारे सहा आठवडे काढावे लागत. हे सहा आठवडे त्याला कोण पोसणार? ओळखीचा वाणी आणि ओळखीची खानावळवाली. म्हणून दोन खोल्यांची तुलना करताना तो भिंती आणि खिडक्या नंतर पाहत असे. कोणत्या खोलीच्या तळाशी उधार देणारा वाणी आहे, हे तो प्रथम पाही. त्यानंतर भोंग्याचे अंतर. गिरणीचा पहिला भोंगा ऐकून उठले आणि दुसऱ्या भोंग्याच्या आत दारावर पोचले, तर ती खोली जवळची. उशीर झाला तर दारात बदली कामगार उभेच असत, आणि त्या दिवसाची मजुरी दुसऱ्याच्या पदरात पडे. तिसरी गोष्ट नळ. मजल्यावर नळ किती, पाणी किती वेळ, आणि त्यासाठी रांग केवढी. खोलीत स्वतःची मोरी असणे ही चैन होती.

हिशोबच करून पाहावा. समजा, एक खोली गिरणीच्या शेजारी आठ रुपये भाड्याची आहे आणि दुसरी दूर, सहा रुपयांची. दूरच्या खोलीत दरमहा दोन रुपये वाचतात असे कागदावर दिसते. परंतु ट्रामला जाण्यायेण्याचे रोजचे दोन आणे धरले, तर महिन्याच्या सव्वीस कामाच्या दिवसांत बावन्न आणे, म्हणजे तीन रुपये चार आणे गेले. स्वस्त खोली सव्वा रुपयाने महाग पडली. शाळेची पायरी न चढलेला माणूसही हे त्रैराशिक मनातल्या मनात मांडीत असे.

भाड्याची घासाघीस घरमालकाशी क्वचितच होई. मालक असे दूर, आपल्या बंगल्यात. चाळीत येई तो भाडे वसूल करणारा मेहता, किंवा सगळी चाळ ठोक्याने घेऊन खोली-खोलीने देणारा मधला भाडेकरी. कित्येकदा गिरणीतला जॉबर हाच खोली देणारा असे, आणि मग कामाचा धनी व जागेचा धनी एकच झाल्यामुळे घासाघिशीस जागाच उरत नसे. अन्यत्र बोलणी करावयास जाई तो गावचा जुना, चाळीत दहा वर्षे काढलेला माणूस. त्याच्या हातात शस्त्रे दोन. एक म्हणजे भाडे कधी थकणार नाही ही हमी, कारण एक गेला तर त्याच गावचा दुसरा येणार. दुसरे म्हणजे दुरुस्ती. भिंतीला चुना आम्ही लावू, तुम्ही आठ आणे सोडा. मेहत्याचा हमखास प्रश्न असे, "माणसे किती?" आणि त्याला दिलेले उत्तर खऱ्या आकड्याच्या निम्म्याने असे. दोन्ही पक्षांस ते ठाऊक असे. भाडे मात्र त्या निम्म्या आकड्यावर ठरे.

सगळ्यांना हा व्यवहार करण्याची संधी मिळत नव्हती, हेही सांगितले पाहिजे. कित्येक खासगी चाळींत भाड्याची गोष्ट निघण्यापूर्वी जात विचारली जाई, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हाती पैसे असूनही दार मिटे. ज्यांना चाळही परवडत नसे, ते रिकाम्या जमिनीवर झावळ्यांची झोपडी उभारीत. तिच्या जमिनीचेही भाडे पडे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि गर्दीच्या चाळी हा सर्व शहराच्या जिवाचा प्रश्न बनला. १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कुटुंबाने दोन खोल्यांत अनेक वर्षे काढली. परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या थोड्या, आणि पहिल्या महायुद्धात गिरण्यांस बरकत आल्याने माणसांचा लोंढा वाढला. भाडी इतकी चढली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला.

त्यानंतर आला तो सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाकांक्षी प्रयोग. १९२० मध्ये डेव्हलपमेंट खाते निघाले, कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसला, आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत झाला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ऐंशी खोल्या. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. इमारती काँक्रीटच्या, पक्क्या, आगीला न भिणाऱ्या. खर्चाच्या मानाने भाडे कमी ठेवून सरकारने तोटाही सोसला. आणि इतके करून वरळीच्या खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या!

कामगार कृतघ्न, त्याला घाणीतच राहणे आवडते, असे शेरे त्या काळी काही साहेबलोकांनी मारले. वस्तुतः कामगाराने तेथे तोच हिशोब लावला होता. वरळीस तेव्हा बाजार नाही, दिवाबत्ती अपुरी, ओळखीचा वाणी नाही; खोल्या अंधाऱ्या आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या. दोन रुपये वाचविण्यासाठी उधारी आणि शेजार गमावण्याची त्याची तयारी नव्हती. अभियंत्यांनी चौरस फूट मोजले होते, माणसाने माणसे मोजली. १९३० च्या सविनय कायदेभंगात ह्याच रिकाम्या चाळींपैकी काहींचा तुरुंग झाला आणि सत्याग्रही तेथे डांबले गेले. ज्या खोल्यांस भाडेकरी मिळाला नाही, त्यांस कैदी मिळाले. पुढे भाडी उतरली, दुकाने आली, वस्ती जमली. तेव्हा कोठे त्या चाळी भरल्या, आणि मग अशा भरल्या की तेथली खोली सोडावयास कोणी राजी होईना.

सरकारी कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहताना आढळली. कुटुंबाची मासिक प्राप्ती सरासरी बावन्न रुपयांच्या आसपास आणि भाड्यावरील खर्च शेकडा आठाच्या आत. दहा वर्षांनी झालेल्या दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण शेकडा तेरापर्यंत चढले, आणि प्राप्ती मात्र थोडी घटलीच होती. मधल्या काळात मोठे संप झाले होते. १९२८ चा तर सुमारे सहा महिने चालला. संपाच्या काळात भाडे थकले की खोलीची किंमत नव्याने कळे. ओळखीचा मेहता महिना-दोन महिने थांबे, अनोळखी मेहता सामान बाहेर काढी.

भाड्याचा हा आकडा इतका लहान राहू शकला याचे खरे कारण मात्र मुंबईत सापडत नाही. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईस हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे सव्वापाचशेच होत्या. उरलेल्या बायका होत्या महाळुंग्यास, घोडेगावास, मंचरच्या आसपासच्या वाड्यांवर. त्या शेत राखीत, मुले वाढवीत, म्हाताऱ्यांस सांभाळीत. आजारी पडलेला कामगार दुखणे काढण्यास गावी जाई. थकलेला गावीच परते. त्यामुळे मुंबईत त्याला लागे ती केवळ झोपण्यापुरती जागा. घराचे बाकी सारे काम गावचे घर विनामोबदला करीत होते. मुंबईच्या मालकाने मजुरी कमी दिली आणि चाळवाल्याने सहा हात जागेत पंधरा माणसे निभावली, ती त्या दूरच्या घराच्या आणि त्यात राबणाऱ्या बायकांच्या जिवावर. मनिऑर्डर गावी येत असे, हे सर्वांस दिसे. गावाकडून मुंबईस जाणारी ही रक्कम कोणत्याच वहीत लिहिली गेली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, १९३९ मध्ये, भाडेनियंत्रण पुन्हा आले, आणि १९४७ च्या कायद्याने सप्टेंबर १९४० ची भाडी प्रमाण धरली. आत असलेल्यास ते अभय झाले. बाहेरून येणाऱ्यास मात्र दार अधिकच घट्ट लागले; कारण भाडे गोठले तशी घासाघीस पागडीवर गेली. दरमहाच्या आठ आण्यांऐवजी एकरकमी शेकड्यांची आणि पुढे हजारांची बोलणी होऊ लागली. पागडी घेणे कायद्याने गुन्हा होता, तरी ती उघड गुपित होती. अखेर १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. ज्याच्याजवळ एवढी रक्कम नव्हती, तो पूर्वीप्रमाणेच गावच्या खोलीत पथारी टाकीत राहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. तो लांबत गेला तसे अनेक कामगार खोलीस कुलूप घालून पुन्हा घाट चढले आणि बाजरीच्या शेताकडे वळले. गिरणीचा पगार बंद होता, तरी खोलीचे जुने, गोठलेले भाडे कसेही करून चुकते केले जाई. चाळीत मागे राहिलेला कोणी गाववाला ते भरी आणि पावती जपून ठेवी.