भोसला मिलिटरी स्कूल, नाशिक

नाशिक शहराच्या पश्चिम भागातील निवासी सैनिकी शाळा. स्थापना १२ जून १९३७. संस्थापक डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे (१८७२–१९४८). शाळा चालवणारी ‘सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी’ ही संस्था दोन वर्षे आधी, १९३५ साली स्थापन झाली. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड यांच्या परिसरात सुमारे १६० एकरांचे शाळेचे आवार आहे. त्याला ‘रामभूमी’ म्हणतात आणि इथल्या विद्यार्थ्याला ‘रामदंडी’. नाशिककर एवढ्या तपशिलात शिरत नाहीत. रिक्षावाल्याला नुसते ‘भोसला’ म्हटले की भागते.

शाळा निघाली त्यामागे सैन्यातल्या अधिकारपदांची जुनी सल होती. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार लढायला गेले, पण पलटणीचे नेतृत्व गोऱ्या अधिकाऱ्यांकडेच राहिले. १९१८ पासून सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी जागा ठेवल्या, त्या वर्षाला अवघ्या दहा. त्यासाठी मुले तयार करणारे विद्यालय १९२२ मध्ये देहरादूनला निघाले. शिपाई म्हणून कोणाला घ्यायचे, तेही सरकारने ‘लढाऊ जाती’ ठरवून मुक्रर केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती थांबवली गेली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. महार रेजिमेंट उभी राहायला मात्र १९४१ उजाडले. सैन्याचे दार उघडा, ही मागणी महाराष्ट्रात अशी अनेक बाजूंनी येत होती. मुंजे त्यातल्या एका बाजूचे, आणि बहुधा सर्वांत हट्टी.

ते मूळचे डोळ्यांचे डॉक्टर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेला गेले. रणांगण त्यांनी पाहिले ते असे, जखमींच्या बाजूने. पुढे नागपुरात टिळकपक्षाचे पुढारी, मग हिंदू महासभेचे अध्यक्ष. गोलमेज परिषदेला ते लंडनला गेले. हिंदुस्थानात लष्करी महाविद्यालय कसे असावे हे ठरवण्यासाठी १९३१ साली सर फिलिप चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीतही ते होते. या समितीच्या कामातून १९३२ मध्ये देहरादूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी निघाली. मुंजे एवढ्यावर समाधानी नव्हते. अकॅडमीत मुलगा जातो तो विशीच्या आसपास. त्याच्या अंगी शिस्त आणि हत्याराची सवय त्याआधीच यायला हवी, म्हणून शाळाच हवी, असा त्यांचा हिशेब.

या हिशेबात एक परदेशी आकडाही होता, आणि तो वगळून शाळेचा इतिहास सांगणे हा अर्धवट कारभार ठरेल. गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये मुंजे रोममध्ये थांबले. १९ मार्चला त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली. लहान मुलांना फॅसिस्ट पद्धतीची कवायत शिकवणाऱ्या ‘बालिला’ संघटनेची केंद्रे पाहिली आणि त्यांचे कौतुक आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. ही रोजनिशी दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांच्या हाती आली. इटालियन इतिहासकार मार्झिया कासोलारी यांनी तिच्या आधारे २००० साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिला, तेव्हापासून शाळेवरच्या कुठल्याही चर्चेत रोमचा उल्लेख टळत नाही. तरीही शाळेची घडण एकट्या इटलीतून आली असे म्हणता येत नाही. वसतिगृह, कवायत, मैदानी खेळ, शिस्तीवरचा भर यांत इंग्रजी पब्लिक स्कूलचा वाटा मोठा आहे. ज्यांच्या हातून सत्ता घ्यायची, त्यांच्याच शाळांचा साचा त्या काळच्या बहुतेक नेत्यांना भुरळ घालत होता.

पैसा उभा करायला मुंजे संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या दारी गेले. स्वतःच्या फौजा बाळगणाऱ्या राजांना सैनिकी शाळेचे महत्त्व पटवणे तसे अवघड नव्हते. २१ मार्च १९३८ रोजी ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या हस्ते शाळेचे रीतसर उद्घाटन झाले. शाळेला नाव भोसल्यांचे आणि उद्घाटनाला शिंदे, हा योग इतिहासप्रेमी नाशिककर आजही खुशीत सांगतात.

जागाही साजेशी. गोदेच्या पलीकडच्या तीरावर पंचवटी, त्यामुळे ‘रामभूमी’ हे नाव इथे उपरे वाटत नाही. आणि जवळच देवळालीची छावणी. तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र देवळालीत आले आणि या परिसराला लष्करी गणवेश रोजच्या पाहण्यातला झाला. शाळेच्या प्रमुखाला मुख्याध्यापक न म्हणता कमांडंट म्हणतात. अभ्यासाच्या जोडीला परेड, रायफल शूटिंग आणि घोडेस्वारी. शहरातल्या इतर शाळांच्या मुलांना या घोड्यांचा हेवा वाटतो, तो अगदी रास्त आहे. बाहेरच्या मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत प्रशिक्षण शिबिरे भरतात. अनेक घरांची या शाळेशी ओळख होते ती त्या शिबिरांतून.

मुंजे यांचे मार्च १९४८ मध्ये निधन झाले. त्यानंतर संस्थेचा विस्तार होत गेला : नाशिकला १९८६ मध्ये महाविद्यालय, नागपूरला दुसरी शाळा, पुढे मुलींसाठी स्वतंत्र शाळा. २००८ च्या मालेगाव बाँबस्फोटाच्या तपासात शाळेचे नाव आले आणि काही काळ ती देशभरच्या बातम्यांत राहिली. त्या खटल्यातील सातही आरोपींना मुंबईच्या विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष मुक्त केले. संस्थापकाच्या राजकारणावरचा वाद त्याने मिटला नाही, आणि मिटण्याचे कारणही नाही. तो न्यायालयात सुटणारा प्रश्न नव्हे.

शैक्षणिक इतिहासात या शाळेचे स्थान मात्र स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या योजनेतली देशातली पहिली सैनिक स्कूल साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, म्हणजे भोसलानंतर चोवीस वर्षांनी. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही १९५५ सालची. सैनिक स्कूल योजनेच्या कितीतरी आधी देणग्यांतून सैनिकी शाळा चालवून दाखवली, हे श्रेय तिचे. तिने पाडलेल्या वाटेवर नाशिक पुढेही गेले : प्रबोधिनीचे दार २०२२ मध्ये मुलींना उघडल्यावर राज्य सरकारने मुलींसाठीची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली ती २०२३ साली, याच शहरात.