जुन्या वृत्तपत्रांतील शोध

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत झाला. त्या दिवशी निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये एका बाजूस इंग्रजी, तर दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर असे. ‘प्रभाकर’, ‘ज्ञानोदय’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘दीनबंधु’, ‘केसरी’ ही पत्रे पुढच्या पन्नास वर्षांतली. त्यांच्या जुन्या अंकांसाठी इंदूर, ग्वाल्हेर वा बडोद्याच्या अभ्यासकाला एकेकाळी रजा काढून मुंबई-पुण्याची ग्रंथालये गाठावी लागत आणि तेथे हात लावताच चुरा होणारा कागद समोर येई. आता अनेक जुन्या पृष्ठांच्या प्रतिमा संगणकाच्या पडद्यावर उघडतात. ही सोय मोठीच; पण तिच्यासोबत एक नवी फसगतही आली आहे. शब्द टाकून शोध घ्यावा, काही हाती लागू नये आणि त्या विषयावर त्या काळी कोणी लिहिलेच नाही, असे समजून चालावे, ही ती फसगत होय.

मुळात यंत्राला पृष्ठ दिसते ते चित्र म्हणून. त्या चित्रातून अक्षरे ओळखताना पसरलेली शाई, झिजलेले खिळे आणि जोडाक्षरे त्याला चकवतात. अक्षरे नीट ओळखली गेली तरी लेखनपद्धती आडवी येते. मराठी लेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीचे छापील ‘घरांत’, ‘केलें’, ‘विषयीं’ हे शब्द आजच्या ‘घरात’, ‘केले’, ‘विषयी’ या रूपांनी शोधल्यास निसटू शकतात. शब्दही बदलले आहेत. वडोदरा शोधणाऱ्याला बडोद्याची बातमी सापडणार नाही. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगला त्या काळच्या मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ असेही म्हणत. केवळ ‘प्लेग’ शोधणारा तेवढ्या मजकुराला मुकतो.

या निसटण्याची खरी किंमत एका उदाहरणावरून कळते. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरात सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत ‘मांग महारांच्या दुःखाविषयीं निबंध’ छापला गेला. लिहिणारी मुक्ताबाई ही जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी होती. धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न तिने विचारला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांचे हाल तिने मांडले. शाळकरी मुलीचे हे लेखन वृत्तपत्राने छापले, म्हणूनच ते काळाच्या हाती लागूनही उरले. आज कोणी ‘दलित’ हा शब्द टाकून ते शोधू लागला तर मिळणार नाही, कारण आजच्या अर्थाने तो शब्द तेव्हा रूढच नव्हता. आणि पहिल्या अंकावर जो थांबेल, त्याच्या पदरात अर्धाच निबंध पडेल.

म्हणून जाणता संशोधक शोधपेटीवर विसंबत नाही. तो घटनेच्या आसपासचे अंक जाहिराती, वाचकांची पत्रे आणि किरकोळ सूचनांसह पानोपान चाळतो. वेळ जातो खरा. पण न शोधलेलेही सापडते ते याच वाटेने.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात यंत्राने चुकीचा वाचलेला वृत्तपत्रांतील मजकूर सामान्य वाचक घरबसल्या, एकेक ओळ करून दुरुस्त करतात. मराठी वृत्तपत्रांसाठीही असे काम करता येण्याजोगे आहे. त्यासाठी पांडित्य नको, जुन्या छापाला सरावलेली नजर हवी. अनुस्वारांसह मराठी शिकलेल्या आजी-आजोबांपाशी ती आहे. त्यांच्या शेजारी बसून पडदा सांभाळायला नातवंडे पुरेशी आहेत.