गुत्ता आणि काम : बोरघाटाच्या रेल्वेचा धडा

पुसेगावसारख्या गावी रस्ता, बंधारा किंवा शाळेची खोली व्हायची म्हटली की दोन प्रश्न हमखास कानी येतात : गुत्ता कोणाला सुटला, आणि काम कोण पाहतो? एका दमात विचारले जात असल्यामुळे ते एकच आहेत असा समज होतो. वस्तुतः ती दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत. आजच्या व्यापारी परिभाषेत पहिल्यास करार-व्यवस्थापन आणि दुसऱ्यास प्रकल्प-व्यवस्थापन म्हणतात. करार पाहणारा दिलेला शब्द सांभाळतो : कोणी, कोणत्या दराने, किती मुदतीत काय द्यावयाचे, आणि चुकल्यास भरपाई कोणाची. प्रकल्प पाहणारा काम सांभाळतो : आज माणसे किती, दगड कोठून आणावयाचा, पावसाळ्यापूर्वी कोठवर मजल मारावयाची. बोरघाटाच्या रेल्वेच्या इतिहासात हा भेद आम्हांस अगदी उघड दिसतो.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पुढे पुण्यास जावयाचे तर सह्याद्री आडवा होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी घाटाचा मार्ग आखला : सुमारे सोळा मैलांत 1831 फूट चढ आणि 25 बोगदे! ठाण्याच्या मार्गाचे काम केलेले विल्यम फॅव्हियल यांनी घाटाचा गुत्ता घेतला, आणि 1856 च्या आरंभी सुरुंग उडू लागले.

फॅव्हियल यांच्या हाताखाली पोटगुत्तेदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि सर्वांत खाली मजूर, अशी ही उतरंड होती. पैसा वरून निघे, पण तळाशी वेळेवर पोचेच असे नाही. जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला. आता दोष कोणाचा? कागदावर पाहिले तर मजूर कंपनीचा नव्हे. त्याचा व्यवहार मुकादमाशी. परंतु ज्याच्या घामावर बोगदा पुढे सरकतो त्याची चूल पेटत नसेल, तर करारातील कोणते कलम काम चालू ठेवील? मार्च 1859 मध्ये फॅव्हियल यांनी गुत्ता सोडला आणि काही महिने कंपनीने स्वतःच काम चालविले. पुढल्याच वर्षी, म्हणजे 1860 मध्ये, रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक-मजूर तंट्यांचा त्वरित निकाल लावण्यासाठी सरकारने कायदा केला.

यानंतरची हकीकत विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. नवे गुत्तेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये विलायतेहून आले आणि काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी गुत्ता सोडला नाही. पतीने दिलेला शब्द त्यांनी आपल्या नावावर घेतला, आणि घाटातील प्रत्यक्ष काम अ‍ॅडम्सन व क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांवर सोपविले. कराराची जबाबदारी एकीकडे, कामाची सूत्रे दुसरीकडे, आणि दोहोंमध्ये विश्वास! जानेवारी 1861 मध्ये घाटात बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. बर्कले मात्र तो दिवस पाहावयास राहिले नव्हते. 1862 मध्येच त्यांचे निधन झाले होते.

पण गोष्ट येथे संपत नाही. जुलै 1867 मध्ये घाटातील एक मोठा दगडी पूल ढासळला. उद्घाटन होऊन चार वर्षे लोटली होती. कागदोपत्री काम केव्हाच पुरे झाले होते. पण दगडाला कागद वाचता येत नाही. त्याला चुना आणि सांधा तेवढा कळतो.

यावरून आम्ही एवढेच म्हणतो की, या दोन भूमिकांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. करार पाहणारा नसेल तर काम करणाऱ्याला दाम मिळण्याची शाश्वती नाही. काम पाहणारा नसेल तर दाम देणाऱ्याला काम मिळण्याची शाश्वती नाही. एकच माणूस दोन्ही पाहत असेल तर त्याने मनात तरी दोन वह्या ठेवाव्या. आपल्या गावी पुढचे काम निघेल तेव्हा नागरिकांनी दोन्ही वह्या मागाव्यात : अंदाजपत्रक, दर आणि मुदत कोणाच्या हाती आहे, आणि पाया भरताना कोण उभा राहणार आहे. एकाच वहीवर समाधान मानणाऱ्यांना बोरघाटाने फार महाग उत्तर दिले आहे.