जुनें दप्तर, नवा धनी

इ. स. १८१८ त पेशवाई संपली तेव्हां मुलूख व किल्ले यांबरोबर मोडींत लिहिलेल्या कागदांचे हजारों रुमालही इंग्रजांच्या हातीं आले. कोणास कोणती जमीन इनाम दिली, कोणत्या देवस्थानास काय नेमणूक, कोणाचें गांव केव्हां जप्त झालें व केव्हां मोकळें झालें, अशा नोंदी त्यांत होत्या. फडावरील कारकुनांनीं त्या केल्या त्या चालू कारभाराच्या सोयीसाठीं. नाना फडणिसांच्या काळीं हें दप्तर मोठें व्यवस्थित असे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत त्याची हेळसांड झाली. पण कागद किती वर्षें ठेवावा, हा प्रश्न नानांच्या फडांतही कोणास पडला नसावा. आपलें दप्तर उद्यां परक्याच्या हातीं जाईल, ही कल्पना तरी कोणत्या कारकुनास येते?

एल्फिन्स्टनचें धोरण जुनीं इनामें शक्य तों चालूं ठेवण्याचें होतें. पुढील पिढीच्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत मात्र बिनसाऱ्याच्या जमिनी सलूं लागल्या. १८४३ त दक्षिण महाराष्ट्रांत सुरू झालेल्या चौकशीस १८५२ च्या अकराव्या कायद्यानें बळ दिलें, आणि इनाम कमिशन हे शब्द घरोघर धास्तीचे झाले. कमिशननें देशमुख-देशपांड्यांच्या घरचे कागदही गोळा केले. आपला हक्क शाबीत करण्याचा भार इनामदारावर होता. आतां या सामन्यांतील दोन पक्ष पाहा. इनामदाराची सनद माजघरांतल्या पेटाऱ्यांत. तिला वाळवी लागावी, घरास आग लागावी, भाऊबंदकींत ती गहाळ व्हावी. उलट सरकारचा पुरावा पुण्यांत कुलूपबंद, आणि तो उघडणारे, वाचणारे, लावणारे सारे सरकारचेच नोकर. पणजोबांच्या वेळची जी जप्ती घरांत कोणाच्या स्मरणांतही नसावयाची, ती दप्तरांत मात्र ताजी. पेशव्यांनीं आपल्या आश्रितांसाठीं लिहविलेला कागद त्यांच्याच नातवंडांवर साक्षीदार म्हणून उभा राहिला! शतपत्रांचे कर्ते लोकहितवादी हे याच खात्यांत असिस्टंट इनाम कमिशनर होते; १८५८ त नरगुंदच्या संस्थानिकानें ज्या मॅन्सनचा वध केला, त्यानेंही पूर्वीं कमिशनचें काम केलें होतें. अखेर १८६३ च्या कायद्यांनीं, चौकशी नको असेल त्यानें ठराविक आकार भरून इनाम कायम करून घ्यावें, अशी तडजोड निघाली.

हेंच दप्तर आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांचें मात्र अन्नछत्र ठरलें. तेंही लवकर नव्हे. कित्येक वर्षें संशोधकांस त्याच्या दारांतून आंत पाऊल टाकणें दुरापास्त होतें. १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांनीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग काढले, तेव्हां कोठें तें वाचकांस खुलें झालें. तेव्हां जुने कागद जाळावे असें माझ्यासारख्यानें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. पण ज्याचा विषय होऊन गेलेला मनुष्य आहे तो कागद निराळा, आणि जो जिवंत माणसावर रोखतां येतो तो निराळा. पहिला हवा तितका टिकावा. दुसऱ्यास मुदत हवी.

आमच्या काळांतील कायदे हा भेद अर्धामुर्धाच मानतात. फौजदारी प्रक्रियेच्या २०२२ च्या ओळख-कायद्यानें बोटांचे ठसे व शरीराचीं मापें ७५ वर्षें जपण्याचें ठरविलें. पूर्वीं शिक्षा न झालेला मनुष्य निर्दोष सुटला तर त्याची नोंद नष्ट करावी, असें तोच कायदा सांगतो. परंतु न्यायालयानें वा मॅजिस्ट्रेटनें कारणें लिहून हुकूम केल्यास तीही राहते. मोडी दप्तरांतून एक नोंद हुडकावयास जाणता कारकून व पुष्कळ दिवस लागत. संगणकास क्षणही पुरतो. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें, ज्या कामासाठीं माहिती घेतली तें संपतांच ती पुसावी, असा नियम घातला आहे. पेढ्यांना आणि कंपन्यांना तो लागू. सरकारास मात्र त्याच कायद्याच्या सतराव्या कलमानें त्यांतून सूट दिली आहे.