क्रीडांगणावरील उमेदवारी

खेळ पाहावयास जमलेल्या समुदायाची दृष्टि चेंडूवर खिळलेली असते. आपण दारांतून आंत कसे आलों, तिकिटांची मोजदाद कोणीं केली, पाऊस आला तर पैशांचें काय होणार, हे प्रश्न प्रेक्षकांच्या मनांत सहसा येत नाहींत. ते येऊं नयेत, यांतच व्यवस्थापकाचें यश असतें. परंतु ही व्यवस्था ढांसळली म्हणजे काय होतें, हें इंग्लंडमधील बोल्टन शहरानें ९ मार्च १९४६ रोजीं पाहिलें. फुटबॉलच्या एका चषक-सामन्यासाठीं बर्नडेन पार्कच्या मैदानावर बेसुमार गर्दी लोटली. दारें बंद करण्यास उशीर झाला. आंतील कठडे मोडले, आणि ३३ माणसें चिरडून मरण पावलीं. खेळाडूंचा त्यांत कांहींहि दोष नव्हता. आंत किती माणसें आलीं, याची वेळेवर गणना झाली नाहीं, एवढेंच.

असें हें जोखमीचें काम. पण तें करणारा माणूस तयार कसा व्हावयाचा? अमेरिकेंत धंदेवाईक बेसबॉलचा पसारा फार मोठा. त्याचे कारभारी कधीं जुन्या खेळाडूंतून येत, तर कधीं वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून. ते जें शिकत, तें चुकत चुकत शिकत. ही उणीव वॉल्टर ओमॅली या गृहस्थास जाणवली. ओमॅली मूळचे वकील. १९५० पासून ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील डॉजर्स या बेसबॉल संघाचे अध्यक्ष होते. १९५७ सालीं त्यांनीं जेम्स मेसन या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांस एक पत्र लिहिलें. क्रीडागार, शर्यतीचें मैदान, नाट्यगृह किंवा प्रदर्शनाची वास्तु चालविण्याचें रीतसर शिक्षण घेतलेला माणूस हवा असेल तर तो कोठें शोधावा, असा त्या पत्राचा आशय होता.

प्रश्न साधा होता. पण तो विचारणाराची स्थिति साधी नव्हती. डॉजर्सचें एबेट्स फील्ड हें क्रीडागार १९१३ सालचें. तेथें सुमारे ३२,००० प्रेक्षकांची सोय होती. मोटारी मात्र सुमारे ७०० च उभ्या राहूं शकत. याच संघानें १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस मैदानावर उतरवून वर्णभेदाची भिंत फोडली होती, आणि १९५५ सालीं विश्वविजेतेपदहि मिळविलें होतें. पण ब्रुकलिनमध्यें नव्या क्रीडागारासाठीं मनाजोगी जागा मिळेना. अखेर २४ सप्टेंबर १९५७ रोजीं एबेट्स फील्डवर डॉजर्सचा शेवटचा सामना झाला, आणि संघ लॉस एंजेलिसला गेला. त्या शेवटच्या सामन्यास सात हजारहि प्रेक्षक नव्हते. नवें डॉजर स्टेडियम १९६२ सालीं उघडलें. तें ज्या चावेझ रॅव्हिन भागांत उभें राहिलें, तेथील मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांना त्यापूर्वींच आपलीं घरें सोडावीं लागलीं होतीं. क्रीडागाराचा कारभार हा केवळ हिशेबाचा विषय नव्हे, हें या एका स्थलांतरानेंच दाखवून दिलें.

ओमॅलींच्या पत्रास खरें उत्तर मिळावयास नऊ वर्षें लागलीं. तोंवर मेसन ओहायो विद्यापीठांत आले होते. तेथें १९६६ सालीं क्रीडाव्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्या विषयांतील पहिला अभ्यासक्रम म्हणून तो ओळखला जातो. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, वर्गांतील पाठाला प्रत्यक्ष उमेदवारीची जोड दिलेली होती. विद्यार्थ्यानें एखाद्या संघाच्या किंवा क्रीडागाराच्या कचेरींत जाऊन काम करावयाचें, आणि पुस्तकांत वाचलेलें तेथें पारखून घ्यावयाचें.

या उमेदवारीचें मोल एका लहान उदाहरणावरून कळेल. त्या काळच्या बेसबॉलच्या नियमाप्रमाणें सामान्यतः पांच डाव पुरे होण्यापूर्वीं पावसानें खेळ बंद पडला, तर तो सामना धरला जात नसे, आणि तिकिटाच्या तुकड्यावर प्रेक्षकास दुसऱ्या दिवशींच्या खेळास प्रवेश मिळे. हा नियम पाठ करण्यास दोन मिनिटें पुरतात. पण चौथ्या डावांत आभाळ फाटलें असतांना, भिजलेल्या हजारों माणसांना तोच नियम शांतपणें समजावून सांगणें व त्यांना गर्दी न होऊं देतां बाहेर काढणें, ही विद्या दारावर उभें राहिल्यावांचून येत नाहीं.

मराठी मुलखास ही रीत अनोळखी नाहीं. कचेरींत पुढें जागा मिळेल या उमेदीनें बिनपगारी राबणारा तो उमेदवार. शब्दांतच उमेद आहे. पण त्या उमेदीची दुसरी बाजूहि आहे. घरीं दोन वेळची भ्रांत असलेल्या मुलास बिनपगारी उमेदवारी परवडत नाहीं. अमेरिकेंतहि हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९४७ सालीं रेल्वेवर काम शिकणाऱ्या उमेदवारांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, जे स्वतःच्या लाभासाठीं शिकत आहेत, आणि ज्यांच्यामुळें कंपनीस तत्काळ फायदा होत नाहीं, ते वेतनाच्या कायद्याखालीं नोकर ठरत नाहींत. पुढें विद्यार्थ्यांच्या उमेदवारीविषयींचे वाद याच कसोटीभोंवतीं फिरत राहिले: लाभ कोणाचा? शिकणाऱ्याचा, कीं राबवून घेणाऱ्याचा?

ओमॅलींनीं विचारलें होतें, शिकलेला माणूस कोठें मिळेल? विद्यापीठानें त्याचें उत्तर दिलें. तो माणूस शिकत असतांना त्याच्या पोटाची काळजी कोणीं वाहावी, याचें उत्तर मात्र त्याच्या श्रमावर ज्यांचा सामना उभा राहतो, त्यांनींच द्यावयाचें आहे. कारण दारावर उभ्या असलेल्या त्या उमेदवाराच्या सावधपणावर आंतील हजारों जीव अवलंबून असतात.