नलिनी मलानी : साहित्यकृतीची छायारूपे

चित्रकाराने साहित्यकृती हाती घेतली की बहुधा तिची सजावट होते. शब्द पुढे चालतात, चित्र मागून येते. नलिनी मलानी यांच्या कलेत हा क्रमच मोडलेला दिसतो.

१९४६ साली कराचीत जन्म, फाळणीनंतर कुटुंबाचे स्थलांतर, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण, हा वृत्तान्त परिचित आहे. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप'मध्ये त्यांच्या हाती कॅमेरा आला, आणि 'ड्रीम हाउसेस' हा लघुपट तयार झाला. पुठ्ठ्याच्या वास्तुप्रतिकृती आणि रंगीत प्रकाश, एवढीच त्याची सामग्री. परंतु नवराष्ट्राच्या गृहस्वप्नावरील श्रद्धा तीत उजळून निघते. १९७६ च्या कृष्णधवल चित्रीकरणात एक तरुणी इमारतीतून खालच्या झोपडवस्तीकडे पाहते. ही दोन्ही शेजारी शेजारी दाखविली की 'युटोपिया' सिद्ध होते. भाष्याची गरज उरत नाही.

पुढे हायनर म्युलरच्या संहितेवरील 'मेडिया' हा प्रयोग १९९३ मध्ये अलकनंदा समर्थ यांच्यासमवेत झाला. तथापि खरी कसोटी १९९८ च्या 'रिमेंबरिंग टोबा टेकसिंग'मध्ये लागली. त्या वर्षी भारत-पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या होत्या. मंटोंच्या कथेतील बिशनसिंग दोन सीमांमधल्या बेवारस भूमीवर कोसळतो; मलानी प्रेक्षकालाच त्या मधल्या जागेत उभे करतात. जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका, त्यांत चित्रफितींचे पडदे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया, एक भारतीय, एक पाकिस्तानी, एकच साडी घडी घालू पाहतात. घडी काही बसत नाही. ही साडी मंटोंच्या कथेत कोठेच नाही, आणि म्हणूनच हे भाषांतर अस्सल म्हणावेसे वाटते. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या अनुवादकाने येथे थोडे थांबावे.

२०१२ साली कासेलच्या 'डॉक्युमेंटा'त मांडलेल्या 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड'विषयी मात्र असे निःशंकपणे म्हणवत नाही. शीर्षक फैज यांच्या कवितेवरून घेतलेले. सोबत ख्रिस्टा वोल्फची कासांड्रा, महाश्वेतादेवींची द्रौपदी, रिल्के, बेकेट. रंगविलेली पारदर्शक नळकांडी फिरतात, त्यांच्या छाया चलच्चित्रांवर पसरतात. दृश्य भारून टाकते, हे खरे. परंतु इतक्या आवाजांच्या गर्दीत द्रौपदीचा आवाज वेगळा ओळखू येतो काय? ज्याने महाश्वेतादेवी वाचलेल्या नाहीत, त्याच्यापर्यंत सेनानायकासमोर नग्न उभ्या राहिलेल्या त्या आदिवासी स्त्रीचे आव्हान पोहोचत नाही; उरते ती एक सुंदर सावली. २०२३ च्या क्योतो पारितोषिकानंतर मलानींवर स्तुतिपर लेखन विपुल झाले. ट्रंका आणि नळकांडी यांतील हा भेद त्यात क्वचितच आढळतो.